विहिरीमागचं गवत

आत्या, तुझ्या तेरवीला लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. हिंगणघाटच्या भाजीबाजारातल्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. शांताबाईनं कधी वजनात मारलं नाही, संध्याकाळी उरलेली मेथी घरी नेली नाही, गरिबाच्या पिशवीत टाकून उठली, असं त्या सांगत होत्या. एक जण म्हणाली, "भाचीले सून करून आनलं अन् पोरीवानी वागवलं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खोटं काही नव्हतं त्यात.

पंगत उठल्यावर सोनाकाकी हात धुवायला विहिरीपाशी आली. तुझी ही चुलत जाऊ आता वर्ध्याला लेकाकडे असते, गावात येणं कमीच. मी तिच्या हातावर पाणी घालत होते. तिची नजर विहिरीमागच्या पट्ट्याकडे गेली.

"गवत नाई कापलं काय व औंदा?"

"आत्या बिमार होती ना काकी."

"शांता तं कधी वाढू देत नोयती. लेकराइच्या अंगावर एवढं गवत बरं नाई दिसत."

"एकच लेकरू हाय काकी तिथं. मायं."

काकीनं पदराला हात पुसले. "तुयं एक, अन् तिचे दोन. विलासच्या आंधीचे." मग माझ्या तोंडाकडे पाहून ती थांबली. "तुले मालूम नाई?"

मी विचारलं, काय झालं होतं त्यांना. काकी म्हणाली, "काई नाई व, चांगले भरल्या दिवसाचे होते. गोरेगोमटे. धाप लागे अन् निळे पडत. दोघाइचं सारखंच झालं. आमी म्हनलं, बाहेरचं काई असंन."

मी तांब्या विहिरीच्या काठावर ठेवला आणि बुंदी वाढायला गेले. मागची पंगत बसली होती.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडते आहे. भाजी निवडताना, उपकेंद्रात लसीच्या पेटीत बर्फ भरताना, बसमध्ये. तू उत्तर देत नाहीस. पण हे काही तू मेल्यावर सुरू झालेलं नाही, हे आता कळलं.

माझ्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठव. विहिरीमागे एवढी चांगली जागा मोकळी पाहून मी म्हटलं होतं, इथं वांगी लावू, पाणी हाताशी आहे. तू कुदळ माझ्या हातून काढून घेतलीस. "तिथं काई लावाचं नाई. जमीन खारी हाय."

"खाऱ्या जमिनीत एवढं दाट गवत येते काय आत्या?"

"कालची पोरगी मले जमीन शिकवते," असं म्हणून तू हसलीस आणि मला मिरचीच्या वाफ्याकडे पिटाळलंस. तळेगावात, तुझ्याच माहेरच्या शेतात, मी लहानपणापासून माती हातात घेऊन वाढले. ती जमीन खारी नव्हती हे मला दिसत होतं. पण तू म्हणालीस, म्हणून मी सोडून दिलं. तुझ्या शब्दावर मी पुष्कळ गोष्टी सोडून दिल्या.

आणि का सोडू नये? बाबांनी दहावीनंतर माझं शिक्षण थांबवलं तेव्हा तूच तळेगावला येऊन ओसरीवर बसलीस, भावाच्या हातचा चहा घेतला नाहीस आणि म्हणालीस, "पोरगी नर्स होईन, मंगच मी पानी पिईन." मी नर्स झाले. मग तूच मला मागणी घातलीस, तुझ्या विलाससाठी. आपल्याकडे भाचीवर पहिला हक्क आत्याचा. तू तुझ्या आत्याच्या घरात सून होऊन आलीस, मी तुझ्या. कुणाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मला तर आनंद झाला. लोकांच्या मुली परक्या घरी जातात, मी आत्याकडे चालले होते.

माझा बाबू पूर्ण दिवसांचा होता. वजन चांगलं, रडणं असं खणखणीत की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, हा मोठा झाल्यावर बाजारात हाका मारणार. संध्याकाळी त्याला धाप लागली. नाकपुड्या फुलायला लागल्या, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. मी नर्स होते, पाहताक्षणी कळलं की हे साधं नाही. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं त्याच्या श्वासनळीत औषध सोडलं आणि तो गुलाबी झाला. मी काचेबाहेरून पाहत होते. विलास रडला, तुझ्या पाया पडला. पुढे तो पुन्हा निळा झाला. पुन्हा औषध, पुन्हा गुलाबी, पण कमी वेळ. डॉक्टर म्हणत होते, कमी दिवसांच्या बाळांना हे औषध दिलं की काही दिवसांत त्यांचं स्वतःचं तयार होतं. याचे तर दिवस भरलेत, मग असं का होतंय?

तू तेव्हा काय केलंस, ते मला नीट आठवतं. तो पहिल्यांदा गुलाबी झाला, सगळे देवाला हात जोडत होते, तेव्हा तू उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलीस. आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं, म्हातारीला सहन होत नाही. म्हातारी कसली, आज मी आहे त्याहून तू तेव्हा लहान होतीस. तुला सहन होत नव्हतं हे खरं. पण तुला माहीतही होतं. आत सगळे आशा धरून होते आणि तू एकटी बाहेर वाट पाहत होतीस.

आत्या, माझा सगळ्यात मोठा राग इथं आहे. लग्न जमवल्याचा राग त्याच्या नंतरचा. तू आत येऊन एवढंच म्हणायचं होतंस, "मंदे, घे त्याले मांडीवर." मी डॉक्टरांशी भांडून घेतलं असतं. तो नळ्यांमध्ये गेला आणि मी काचेच्या अलीकडे उभी राहिले, कारण मला वाटत होतं तो वाचणार आहे.

लहान लेकरांना आपण जाळत नाही, पुरतो. बायका तिथं जात नाहीत. मी टाके ओले घेऊन घरी आले तेव्हा सगळं झालं होतं. "विहिरीमागं ठेवलं त्याले," तू म्हणालीस. "गार जागा हाय." मग त्या पट्ट्यात काही का लावत नाही, हा प्रश्न पुन्हा निघायचं कारणच उरलं नाही. ती माझ्या बाबूची जागा झाली. दरवर्षी तू इळा घेऊन तिथलं गवत कापायचीस, बकरीसाठी म्हणून. मी पुढे झाले तर हात झटकायचीस. मला वाटायचं, माझ्यासाठी करते आहे.

गावात बायका कुजबुजल्या. नर्स असून स्वतःचं लेकरू वाचवता आलं नाही. तू त्यातल्या एकीला हौदापाशी गाठून असं बोललीस की ती सहा महिने आपल्या गल्लीतून गेली नाही. मला जवळ घेऊन म्हणालीस, "यात तुयं काईच नाई मंदे. काईच नाई. आयकलं का?" इतक्या खात्रीनं कुणीच बोललं नव्हतं. डॉक्टरही नाही. त्या एका वाक्यावर मी उभी राहिले, महिन्याभरात कामावर गेले, पुढे पल्लवीला जन्म दिला, धाप लागते का म्हणून तिच्या छातीवर कान ठेवून तिला वाढवलं. आता कळतं तुझ्या आवाजात ती खात्री कुठून आली होती. तुला माहीतच होतं की माझं काही नाही. आयुष्यातला सगळ्यात मोठा आधार मला तुझ्या लपवण्यातून मिळाला, याचं मी काय करू, सांग.

दोन वर्षांपूर्वी आम्हा नर्सबाईंचं वर्ध्याला प्रशिक्षण झालं, नवजात बाळांच्या श्वासावर. शिकवायला तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, फुफ्फुसात द्राक्षाच्या घडासारखे बारीक फुगे असतात. त्यांच्या आतून एक पातळ थर असतो, साबणाच्या पाण्यासारखा. तो असतो म्हणून श्वास सोडल्यावर फुगे मिटून चिकटत नाहीत. मला आपल्या रोपांच्या पिशव्या आठवल्या. ओल्या झाल्या की त्यांची तोंडं चिकटतात, आणि तू एकेक फुंकून उघडायचीस, वर मला शिव्या की पिशव्या उघड्यावर का ठेवल्या. थर नसलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला तशी पिशवी फुंकावी लागते. दमून जातं ते.

मॅडम पुढे म्हणाल्या, त्या थराला काही प्रथिनं लागतात. ती कशी बनवायची हे आईबापांकडून आलेल्या जनुकांत असतं. त्यात बाळागणिक थोडा थोडा फरक असतोच आणि बहुतेक फरकांनी काही बिघडत नाही. काहींमुळे एखादं बाळ जरा नाजूक निघतं. पण एखादा बदल असा असतो की आईकडूनही तोच आला आणि बापाकडूनही तोच, तर ते प्रथिन बनतच नाही. मग दिवस भरलेले असोत, वजन चांगलं असो, काही तासांत धाप लागते. बाहेरून औषध दिलं की तात्पुरतं गुलाबी होतं आणि पुन्हा निळं पडतं. एकाच बाजूनं आला तर माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. शेजारची सिस्टर भराभर लिहून घेत होती. मी पेन खाली ठेवलं. मला पाठ होतं.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमना गाठलं. त्यांनी माझं आणि विलासचं रक्त बाहेरगावी पाठवलं. दोघांत तो एकच बदल निघाला. मॅडम जपून बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, बाळाचं रक्त आपल्याकडे नाही, त्यामुळे मी ठाम सांगणार नाही. पण घरात आधी कुणाचं असं बाळ गेलंय का विचारा. तेवढं कळलं तरी पुष्कळ उलगडेल.

दुसऱ्या दिवशी तू अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होतीस. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं.

"आत्या, आपल्या घरात आंधी कोनाचं असं लेकरू गेलं का? माया बाबूसारखं?"

"काऊन व? आज काऊन विचारून राह्यली?"

"डॉक्टरनं विचारलं. पल्लवीच्या कामाचं हाय."

तू जुडीला केळीच्या सालीची दोरी घट्ट आवळलीस. वर पाहिलं नाहीस. "नाई. कोनाचंच नाई. तुयंच तेवढं."

तुयंच तेवढं. तू नुसती गप्प राहिली असतीस तर आज मी वेगळं काहीतरी लिहीत असते. दुःख माणूस गिळून टाकतं, तुमच्या काळी बायकांना बोलायला जागा नव्हती, तुझी सासू तुला पोरं खाणारी म्हणाली असेल, हे सगळं मला समजतं. आठवड्यातून दहा घरी मी अशा बायकांशी बोलते. "आधी कुणाचं बाळ गेलं का? नात्यात लग्न झालंय का?" हा माझा रोजचा प्रश्न आहे, आणि बाई उत्तर देण्याआधी सासूकडे पाहते, तेव्हा मी सासूला पाणी आणायला पाठवते. एवढं मला कळतं. पण मी तुला कारण सांगून विचारलं होतं. पल्लवीचं नाव घेऊन विचारलं होतं.

कारण तुझं घोडं त्याच वाटेनं पुढे चाललं होतं. रेखा ही तुझी लेक, तिचा अक्षय, आणि माझी पल्लवी. पुन्हा आत्याच्या घरी भाची. पोरांचंही मन एकमेकांवर होतं, त्यामुळे तुला जोर चढला. मी लग्नाला नाही म्हणालेच नव्हते. माझं म्हणणं एवढंच होतं की आधी दोघांचं रक्त तपासू.

"माया नातवाच्या रक्तात खोट काढतेस?"

"खोट नाई आत्या. मायात हाय, तुया पोरात हाय. आमी काय लंगडून राह्यलो?"

"मंग झालं तं! तुमी जगले नं?"

"बाबू नाई जगला."

तू ताटावरून उठून गेलीस. त्यानंतर हा विषय निघाला की तुला चक्कर यायची. मी रक्तदाब तपासायला पट्टा बांधायचे आणि तू तेवढ्यात संधी साधायचीस. "मंदे, पोराइचं लगन करून टाक व माया डोळ्यादेखत."

"बोलू नको, आकडा वर जाते."

"तुयाच मुळं वर जाते तो."

हसलो होतो दोघी. ते शेवटचं हसणं. मग एका सकाळी तू तुळशीला पाणी घालून ओट्यावर बसलीस आणि उठली नाहीस. मी आठवून आठवून पाहिलं, तू काही सांगायचा प्रयत्न केलास असा एक तरी प्रसंग असेल. शब्द ओठाशी येऊन परत गेला, असं काहीतरी. सापडला नाही. तू सांगणारच नव्हतीस.

तेरवीनंतरच्या रविवारी रेखा आली. वर्षाच्या आत लग्न झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, आईची शेवटची इच्छा होती, वहिनी उगाच डॉक्टरी काढते, हे ती अंगणापासूनच बोलत आली. मी चहा ठेवला. विलास खुर्चीत मान खाली घालून बसला होता. काकीचं बोलणं मी त्याला त्याच रात्री सांगितलं होतं, त्यालाही काही माहीत नव्हतं. अक्षय आणि पल्लवी दारात उभे होते. मी रेखाला म्हटलं, चल, आणि सगळ्यांना विहिरीमागे नेलं.

"इथं मायं एक हाय, ते तुले मालूम हाय," मी म्हणाले. "इथंच तुया आईचेबी दोन हाय. विलासच्या आंधीचे. अशेच गेले, निळे पडून. सोनाकाकीले फोन लावून विचार."

रेखानं फोन लावला नाही. मग म्हणाली, "म्हंजे मी चवथी व्हय? आई तं मले दुसरी म्हने."

एवढं बोलून ती तिथंच बसली. तुझी लेक तुझ्यासाठी पहिल्यांदा रडली ती तेव्हा, आत्या. तू गेलीस त्या दिवशी पाहुण्यांसमोर जे झालं, ते मी धरत नाही. आणि मी उभी राहून पाहत होते. मला रडू आलं नाही. मला वाटत होतं, तू आमच्या दोघींच्याही हातून काहीतरी काढून घेतलंस, त्या कुदळीसारखं. मला आधी सांगितलं असतंस तर मी विलासशी लग्न केलं नसतं, असं मी म्हणणार नाही. कदाचित केलंच असतं. पण ते मी ठरवलं असतं. तू मला आत्यासारखी माया दिलीस, आईसारखं शिकवलंस, आणि जी एक गोष्ट माझीच होती ती स्वतःजवळ ठेवलीस. तुला भाची हातची जाईल याची भीती होती. भीती खरी असेल. किंमत मात्र माझ्या बाबूनं दिली.

रेखा उठली, लुगड्याला चिकटलेली कुसळं झटकली. "अक्षयचं रक्त कवा द्याचं?"

"उद्याच जाऊ वर्ध्याले."

"मायंबी घेजो."

अक्षय म्हणाला, "मामी, सुई टोचाची हाऊस भागली आता तुयी." पल्लवीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तिनं मला आधीच सांगून ठेवलं आहे, दोघांत निघालं तरी आम्ही काय करायचं ते आम्ही ठरवू, मॅडमशी बोलू. पोटात असतानाही आता कळतं, असं मॅडम म्हणाल्या आहेत. ठरवू देत. मी मध्ये पडणार नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवून ठरवावं, एवढंच मला हवं होतं.

रक्त गेलं आहे. अहवाल यायचा आहे. आला की मी दोघांना समोर बसवून शब्दन् शब्द वाचून दाखवणार आहे, काहीही असो. मला चक्कर येणार नाही.

काकीला पुन्हा एकदा विचारलं, मुलगे होते की मुली. तिला आठवत नाही. माझे सासरे मामाजी गेले, तुझी सासू कधीच गेली, आणि तू गेलीस. आता हे जगात कुणालाच माहीत नाही. हे तरी सांगून जायचं होतंस.

गवताचं मी ठरवलं होतं की हात लावायचा नाही. वाढू दे, ज्याचं त्यानं पाहावं. पण काल सकाळी उपकेंद्राला जाण्याआधी मी विहिरीमागे गेले आणि सगळा पट्टा साफ केला. कुणीकडे माझा आहे आणि कुणीकडे तुझे, ते मला माहीत नाही, म्हणून सगळीकडे सारखंच बेतानं कापलं. हे तुझ्यासाठी केलेलं नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. राग आहे तसा आहे. इळा मात्र तुझाच घेतला. घरात दुसऱ्या कशाला तेवढी धार नाही.